मागील सभेचं इतिवृत्त

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस महाराष्ट्रात कुठेही वाचा, सांगाडा सारखाच असतो. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्चाची मंजुरी. मग नाल्या, रस्ते, पाण्याची मोटार, आठवडी बाजाराचा लिलाव, एखाद्या कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण. आणि सगळ्यात शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. गावातल्या बहुतेकांनी ही नोटीस कधी वाचलेली नसते. ती फलकावर लागते, उन्हाने पिवळी पडते आणि पुढच्या नोटिशीखाली जाते.

'गाव कोण चालवतं?' असा प्रश्न संपादकांनी या अंकासाठी दिला, तेव्हा मला ही नोटीसच आठवली. निवडणुकीवर आपण भरपूर लिहितो. घोटाळा झाला की त्यावरही लिहितो. पण निवडणूक आणि घोटाळा या दोहोंच्या मधले जे दिवस असतात, त्यांत गाव खरं चालतं. ते बघायला मी वर्धा जिल्हा निवडला, आणि त्याला कारण होतं.

या जिल्ह्यात सहा नगरपरिषदा आहेत: वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे). शिवाय सेलू, समुद्रपूर, कारंजा (घाडगे) आणि आष्टी अशा चार नगरपंचायती. दोन्हींना लागू असलेला कायदा एकच, १९६५ चा. पण नगरपरिषदांची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. पाच वर्षांची मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि तिथे प्रशासक आले. नगरपंचायतींची निवडणूक मात्र त्या कोंडीतूनही डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडली. म्हणजे २०२५ मध्ये एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरावर, एका गावात सभागृह भरत होतं आणि दुसऱ्या गावात त्याला कुलूप होतं. असा योग अभ्यासासाठी मुद्दाम जुळवून आणता आला नसता.

खिडकीपाशी

पालिकेचं काम कळायचं असेल तर आधी सभागृहात जाऊ नये, खिडकीपाशी उभं राहावं. अकरा वाजेपर्यंत रांग लागलेली असते. जन्माचा दाखला हवा असतो, घराच्या आकारणीचा उतारा हवा असतो, वडील गेल्यावर घर मुलांच्या नावावर करायचं असतं, नळजोडणी हवी असते.

जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने होते. एकवीस दिवसांच्या आत माहिती दिली तर पैसे लागत नाहीत. पुढे विलंब वाढेल तशी परवानगीची पायरी वर सरकते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखला शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा पुरावा ठरला आहे. त्यामुळे नोंदवहीतली एका अक्षराची चूक त्या मुलाच्या मागे आयुष्यभर राहते. मी पाहिलेल्या एका कार्यालयात दाखल्याचा कारकून प्रत्येक नाव आईकडून मोठ्याने वदवून घेत होता. मागे माणसं खोळंबली होती, तरी त्याने ते सोडलं नाही. पालिकेच्या चांगल्या कामाचा कुठे पुरस्कार मिळत असेल तर तो या खिडकीला मिळावा, असं मला वाटलं.

शेजारच्या टेबलावर घरकुलं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. ते एकदम मिळत नाहीत. पाया झाला की फोटो, भिंती उठल्या की फोटो, छत पडलं की फोटो. जागेच्या खुणेसह तो फोटो संगणकावर चढला की पुढचा हप्ता. पण 'स्वतःच्या जागेवर' या दोन शब्दांशी निम्मं गाव अडतं. विदर्भातल्या जुन्या वस्त्या नझुलावर, झुडपी जंगलाच्या नोंदीवर, कुठल्या तरी सरकारी गटावर उभ्या आहेत. अशा रहिवासी अतिक्रमणांना पट्टे देण्याचं धोरण २०१८ मध्ये आलं. ते गावात उतरायला मोजणी लागते, नकाशा लागतो, भूमी अभिलेख कार्यालयाची तारीख लागते. खिडकीपाशी उभी असलेली बाई हे सगळं एका वाक्यात विचारते: "पट्टा कधी भेटते जी?"

या प्रश्नाचं उत्तर पालिकेच्या हातात पूर्णपणे नसतं. तरी तो विचारायला जिल्हा मुख्यालय गाठावं लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

पाणी

धाम ही वर्ध्याची नदी. महाकाळीच्या धरणातून पाणी सुटतं, येळाकेळी आणि पवनारला ते उचललं जातं, आणि शुद्ध होऊन शहरात येतं. पवनारला नदीकाठी विनोबांचा परमधाम आश्रम आहे. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना हीच नदी एका लाखाच्या वरच्या शहराची तहान भागवते हे सहसा माहीत नसतं. २०११ च्या जनगणनेत वर्ध्याची लोकसंख्या १,०६,४४४ होती, हिंगणघाटची १,०१,८०५. त्या मानाने देवळी, सिंदी (रेल्वे) ही गावं लहान; पण पाण्याचं गणित लहान गावाला जास्त छळतं, कारण पंप तोच लागतो आणि बिल भरणारी घरं कमी असतात.

पहाटे व्हॉल्व्हमन निघतो. सायकलला किंवा मोटारसायकलला लोखंडी चावी बांधलेली, गुडघ्याच्या वर येणारी. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे कुठल्याही नकाशात नाही. उंचावरच्या वस्तीला दाब पुरावा म्हणून खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी थोडा आवळावा लागतो, आणि ही अक्कल वीस वर्षांच्या हाताने कमावलेली असते. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, तुरटीची मात्रा वाढवावी लागते. शेवटच्या घरातल्या नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन पोहोचलंय का ते तपासायचं; पिवळा रंग आला तर ठीक. शेवटच्या घरी रंग आला नाही, तर मधे कुठेतरी जलवाहिनी नालीत फुटलेली असू शकते. काविळीची आणि गॅस्ट्रोची साथ बहुतेक वेळा अशा एका न तपासलेल्या नळापासून सुरू होते.

वर्धा शहराच्या भोवती आणखी एक गुंता आहे. सावंगी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही नावं ऐकायला खेड्यांची वाटतात. बघायला गेलं तर शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे रस्त्यावर कळत नाही. तिथे अपार्टमेंट आहेत, दवाखाने आहेत, महाविद्यालयं आहेत. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. रस्त्याच्या या बाजूची नाली पालिकेची, त्या बाजूची ग्रामपंचायतीची. पाणी उताराने जातं, त्याला हद्द कळत नाही. या गावांना शहरात घ्यावं की नाही हा वाद जुना आहे. कर वाढेल ही गावांची भीती खोटी नाही, आणि आपल्या सोयी बाहेरचे वापरतात ही शहराची तक्रारही खोटी नाही.

सिंदीचा रस्ता

यातल्या सिंदी (मेघे) गावाशी एक आठवण जोडलेली आहे, आणि वर्ध्यात सफाईबद्दल लिहिताना ती टाळता येत नाही. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. ते सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, १९३६ मध्ये गेले. त्याआधी मगनवाडीतली मंडळी रोज सकाळी बादल्या घेऊन जवळच्या सिंदीला जात आणि लोकांनी रस्त्यावर केलेली घाण उचलून खड्ड्यात पुरत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्यासारखा माणूस त्यात होता. गावाने लगेच सवय बदलली, असं झालं नाही. लोक त्याच रस्त्यावर बसत राहिले. तरी ही माणसं जात राहिली.

आज त्याच परिसरात घंटागाडी फिरते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणं घराघरावर बंधनकारक केलं. गाडीला दोन कप्पे असतात. पण गाडीच्या मागे उभा असलेला माणूस हाताने कचरा निवडताना मी पाहिला. घरातून एकाच पिशवीत सगळं आलेलं होतं, सॅनिटरी पॅडसुद्धा. तो कंत्राटदाराचा कामगार. पालिकेच्या कायम सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. २०२३ च्या शासन निर्णयाने त्या तरतुदी नव्याने मांडल्या. कंत्राटावरच्या माणसाच्या मुलाला तो आधार नाही. त्याच्या वाट्याला हातमोजे आले का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, किमान वेतन खात्यात जमा होतं का, हे कुणीतरी विचारावं लागतं. विचारायची जागा म्हणजे सभा. कंत्राटाचं देयक मंजुरीला येतं तेव्हा एखादा नगरसेवक म्हणू शकतो की आधी कामगारांच्या पगाराचे पुरावे जोडा, मग रक्कम द्या. म्हणणारा नसेल तर देयक जातं.

बैठकीचा विषय

जिल्ह्यातल्या चारपैकी एका नगरपंचायतीची सभा मी मागे बसून पाहिली. पालिकेची सभा लोकांना बघता येते. फार थोडे येतात. सतरा निवडून आलेले सदस्य आणि स्वीकृत सदस्य, समोर अध्यक्ष, बाजूला मुख्याधिकारी. पंखे मोठ्याने फिरत होते. सदस्यांत निम्म्या स्त्रिया; ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे आणि आता त्याची सवय झाली आहे. काहींचे यजमान बाहेर व्हरांड्यात थांबले होते, पण आत बोलत होत्या त्या स्वतः.

इतिवृत्त कायम करण्याचा विषय अर्ध्या मिनिटात उरकणार असं वाटत असतानाच एका सदस्या उठल्या. मागच्या सभेत त्यांच्या प्रभागातल्या नळांना एक दिवसाआड पाणी देण्याचं ठरलं होतं, आणि इतिवृत्तात 'शक्यतो' हा शब्द आला होता. तो काढा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एक वही होती. पाणी कोणत्या तारखेला आलं, किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, सगळं त्यात लिहिलेलं. पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीतल्या तारखा आणि या वहीतल्या तारखा जुळत नव्हत्या. अभियंत्याने विजेचं कारण दिलं. बाईंनी महावितरणच्या बंदच्या वेळाही लिहून ठेवल्या होत्या. शेवटी 'शक्यतो' निघाला. या अर्ध्या तासात कुणी आवाज चढवला नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यातली एक ओळही नव्हती.

मग आठवडी बाजाराची बैठकी. बाजारात जमिनीवर दुकान मांडणाऱ्याकडून जी रक्कम घेतात तिला इथे बैठकी म्हणतात. वसुलीचं कंत्राट वर्षासाठी लिलावाने जातं. मागच्या तीन वर्षांच्या बोलींवरून किमान बोली ठरते, आणि जास्त बोली लावणारा ती रक्कम बाजारातूनच काढतो. खेड्यावरून टोपलीभर वांगी किंवा सांभार घेऊन आलेल्या बाईकडून किती घ्यायचं, हे कागदावर चौरस फुटाने ठरलेलं असतं. बाजारात ते वसूल करणाऱ्याच्या मर्जीने ठरतं. सभेत यावर बराच वेळ गेला. कुणी म्हणालं, टोपलीवाल्यांना माफी द्या. कुणी म्हणालं, मग सगळेच टोपली घेऊन बसतील. मुख्याधिकाऱ्यांनी उत्पन्नाचा आकडा पुढे केला. ठराव झाला तेव्हा त्यात तीन अटी होत्या. बाजाराच्या दोन्ही तोंडांना दरफलक लावायचा, पावतीशिवाय वसुली करायची नाही, आणि तक्रार आली तर सुरक्षा ठेवीतून दंड कापायचा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

या अटी पाळल्या जातील का? सगळ्या बाजारांना सगळ्या दिवशी नाही. पण आता एखादा माणूस ठरावाची नक्कल काढून बाजारात उभा राहू शकतो.

ऐनवेळी येणारे विषय मात्र मला खटकले. नोटिशीत नसलेलं एखादं काम तिथे येतं, टिपणी वाचायला कुणाला वेळ नसतो, जेवणाची वेळ झालेली असते. कधी ती खरीच निकड असते, पंप जळालेला असतो. कधी खर्च आधीच झालेला असतो आणि कार्योत्तर मंजुरी हवी असते. नगरपालिकेत ज्याला काही शिकायचं आहे त्याने सभेचा हा शेवटचा पाव तास सोडू नये.

एका सहीचा ठराव

याच सुमारास जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी गेले. सभागृहाला कुलूप होतं. उघडून दाखवलं तेव्हा आत निवडणुकीच्या कामाच्या पेट्या आणि जुने संगणक ठेवलेले होते. ठरावांची नोंदवही मात्र चालू होती. प्रशासकाला सभेचे अधिकार असतात. तो विषय ठेवतो, तोच मंजूर करतो. तिथेही बैठकीच्या लिलावाचा ठराव होता. एक परिच्छेद, एक सही. किमान बोली, मुदत, अनामत. दरफलक नाही, पावती नाही, टोपलीवाली बाई नाही.

प्रशासकांच्या काळाला सरसकट वाईट म्हणता येणार नाही. कागद वेगाने हलतो. कोणत्या वॉर्डात नाली आधी, यावरून अडून बसणारं कुणी नसतं. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली अतिक्रमणं याच काळात काही ठिकाणी निघाली, थकबाकीदारांच्या दारात पथकं गेली. काही कर्मचाऱ्यांनी मला सांगितलं की त्यांना हा काळ सुखाचा गेला. मला ते पटलं. पण प्रशासक बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा मुख्याधिकारी असतो; त्याच्याकडे आधीच दुसरं पूर्ण वेळेचं काम असतं, आणि त्याची बदली होते. रात्री अकराला पाइप फुटला तर त्याच्या दारावर थाप मारता येत नाही. नगरसेवकाच्या दारावर मारता येते. चार वर्षांत माणसांनी ती थाप मारण्याची सवय सोडली, माजी नगरसेवकांकडे जायचे तेही हळूहळू कमी झाले, हे मला खरं नुकसान वाटतं. नळ येईना तर लोक बोअर मारतात, ज्यांना परवडतं ते.

पैशाच्या बाबतीतही प्रश्न विचारणारं कुणी लागतं. १ मे १९९९ ला नगरपरिषदांची जकात बंद झाली. त्याआधी नाक्यावर रोज रोख पैसा येई. त्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येतं आणि त्याचा मोठा भाग पगारातच जातो. वित्त आयोगाचा निधी येतो, तोही बांधून. पंधराव्या आयोगाने लहान शहरांसाठी साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला राखून ठेवली. गावाच्या स्वतःच्या मर्जीचा पैसा म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचं भाडं आणि ती बैठकी. मालमत्तेची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. थकलेल्या करावर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते. काही वर्षांत शास्ती मूळ करापेक्षा मोठी होते आणि मग माणूस मूळ करही भरत नाही. नवी आकारणी लोकांच्या माथी बसते तेव्हा हरकतींच्या सुनावणीत घरमालकाच्या बाजूने दोन शब्द बोलणारा माणूस या वर्षांत तिथे नव्हता.

आर्वी, देवळी आणि हिंगणघाट या पालिका १८६७ मधल्या आहेत. वर्धा शहरच मुळी १८६६ मध्ये वसवलं गेलं आणि १८७४ मध्ये तिथे पालिका झाली. हे दीडशे वर्षांचं वय मला आर्वीत फिरताना जाणवलं. आपल्या रस्त्याचं, दिव्याचं, विहिरीचं आपण ठरवायचं ही रीत इथे काँग्रेसच्या स्थापनेपेक्षा जुनी आहे. सुरुवातीला ती मूठभरांची होती, सरकारनियुक्त सदस्यांची होती. तिला गावाची करायला शंभर वर्षं लागली.

थांबलेली निवडणूक

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितलं. ऑगस्टमध्ये प्रभागांची प्रारूप रचना फलकावर लागली, हरकती मागवल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शेवटची मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. या वेळी अध्यक्ष थेट मतदारांतून निवडायचा होता. २०१६ ला तसाच निवडला होता, मधे ती पद्धत बदलली आणि २०२२ मध्ये परत आली. थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं. तेव्हा इतिवृत्तातला एकेक शब्द महत्त्वाचा ठरेल.

२०२५ च्या दिवाळीत पालिकांत सणाची कामं नेहमीसारखीच होती. कर्मचाऱ्यांचं सानुग्रह अनुदान, सण अग्रिम, फटाक्यांच्या दुकानांसाठी जागा आखणं, बाजारातल्या दिव्यांची दुरुस्ती, सणाच्या दिवशी जादा पाणी. हे सगळं प्रशासकाच्या सहीने झालं असेल, आणि बहुधा वेळेवर.

नवं सभागृह आलं, की त्याच्यासमोर पहिलं मोठं काम अंदाजपत्रकाचं असतं, मार्च संपायच्या आत. यातले कितीतरी सदस्य पहिल्यांदा निवडून आलेले असतील. त्यांना जमा-खर्चाची पानं उलटायला जेमतेम काही आठवडे मिळतात. त्याच टेबलावर चार वर्षांच्या प्रशासकीय ठरावांच्या नोंदवह्या असतील, त्यांत तीन-पाच वर्षांसाठी बांधून दिलेली सफाईची, दिव्यांची, पाण्याच्या देखभालीची कंत्राटं असतील. ती वाचायला घ्यायची असतील तर नोंदवही अभिलेख कक्षात असते, मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी केली की दाखवतात. नागरिकालाही माहितीच्या अधिकारात तिची प्रत मिळते.